बांडगूळ आणि दगडफूल

गोडा मसाला करायला घेतला की धणे, जिरं, तीळ, खोबरं यांची भाजून होण्याची आपापली पाळी असते. त्यातच केव्हातरी थोड्याशा तेलावर दगडफूल परतलं जातं. कच्चं असताना त्याला सांगण्यासारखा वास नसतो. तेलात पडलं की मात्र माती, धूर आणि जुनं लाकूड यांचा मिळून येईल तसा दरवळ उठतो, आणि आमटीत तो उतरला की जेवणारा न सांगता ओळखतो. वाण्याकडून आणलेल्या पुडीत ते अगदी हलकं असतं, वरून राखाडी, खालून काळं, कडांना सुरकुतलेलं. नावात फूल असलं तरी ते फूल नव्हे. दगडावरच उगवतं असंही नाही. बाजारात येणारं पुष्कळसं दगडफूल हिमालयाच्या उतारांवरच्या बांजसारख्या झाडांच्या सालीवरून सोडवून आणलेलं असतं.

आणि ते एक झाडही नव्हे. एका बुरशीच्या धाग्यांनी विणलेल्या जाळीत एकपेशीय शेवाळाचा एक पातळ थर राहत असतो. बुरशीला उन्हापासून अन्न करता येत नाही. शेवाळाला येतं, पण त्याला उघड्या सालीवर, वाऱ्याउन्हात एकट्यानं तगता येत नाही. दोघं मिळून जो आकार धारण करतात तो दोघांपैकी एकाचाही नसतो. अशा जोडजीवांना वनस्पतिशास्त्रात शैवाक म्हणतात. शैवाकाची वाढ फार हळू होते, वर्षाला काही मिलिमीटर. पुडीतला बोटभर तुकडा कित्येक पावसाळे पाहिलेला असतो. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि दर वर्षी पहिल्या वर्गाला शैवाकाची ओळख करून देण्याआधी ही पुडी टेबलावर ठेवतो. मुलं हसतात, वास घेतात. मग मी फळ्यावर शब्द लिहितो: सहजीवन.

या शब्दाबद्दल मला पुष्कळ दिवसांपासून लिहायचं होतं. जीवशास्त्रातून बाहेर पडून घराघरांत पोहोचलेले शब्द थोडे आहेत, त्यांतला हा एक. आणि बाहेर पडताना त्याचा अर्धा अर्थ मागे राहिला, तो राहिलेला अर्धा भाग मला अधिक मोलाचा वाटतो.

शैवाक म्हणजे दोन जीव ही गोष्ट आज शाळेतलं मूलही सांगतं. ती पहिल्यांदा मांडली सिमॉन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं, १८६७ साली. दोन वर्षांनी सविस्तर लिहिताना त्यानं जी उपमा वापरली ती त्या काळाला साजेशी होती. बुरशी ही मालक आणि शेवाळ हे तिनं पकडून कामाला जुंपलेले गुलाम, असं त्यानं चित्र रंगवलं. शैवाकांचे अभ्यासक खवळले. ज्यांच्या वर्गीकरणात आयुष्य घातलं ते जीव मुळात स्वतंत्र नाहीतच, हे कुणाला रुचणार? पॅरिसमध्ये राहणारे फिनलंडचे विल्यम नायलँडर हे तेव्हाचे शैवाकांचे सर्वांत मोठे जाणकार. त्यांनी हा विचार शेवटपर्यंत मानला नाही. ब्रिटनमध्ये जेम्स क्रॉम्बी या धर्मोपदेशक अभ्यासकानं तर जुलमी बुरशीच्या कैदेत सापडलेल्या शेवाळकन्येची ही कादंबरी आहे, अशी खिल्ली उडवली.

नायलँडर यांना मी कमी लेखत नाही. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत शैवाकं टिकतात पण शहरात इतरत्र नाहीशी होतात, त्याअर्थी हवा तपासायला शैवाक हेच साधन आहे, हे १८६६ साली त्यांनीच सांगितलं. आजही शहराची हवा जोखायला झाडांच्या साली पाहतात ती त्यांची देणगी. एवढी बारीक नजर असलेल्या माणसाला एकाच देहात दोन जीव दिसू नयेत, यावरून त्या कल्पनेचा धक्का केवढा असेल ते कळतं.

या भांडणाच्या मध्यावर, १८७७ साली, आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं एक शांत सूचना केली. मालक कोण आणि गुलाम कोण हे आपल्याला आधी कुठे ठाऊक आहे? दोन वेगळ्या जातींचे जीव एकमेकांच्या अंगावर किंवा अंगात राहतात, एवढंच डोळ्यांना दिसतं. तर कोण कोणासाठी काय करतो याचा निवाडा न करणारा, फक्त एकत्र राहणं सांगणारा एक शब्द घेऊ या. त्यानं ग्रीक शब्दांवरून तो बेतला. पुढे १८८५ साली याच फ्रँकनं झाडांच्या मुळांभोवती राहणाऱ्या बुरशीचंही वर्णन केलं. प्रशियाच्या सरकारनं त्याला ट्रफल या महागड्या अळंबीची लागवड करता येईल का ते पाहायला सांगितलं होतं. अळंबीची लागवड बाजूला राहिली, आणि जंगलातली बहुतेक झाडं मुळाशी बुरशी बाळगून उभी आहेत हे जगाला कळलं.

पण शब्द रुजवला तो अँटोन द बारी यांनी. १८७८ साली कासेल इथे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आणि वैद्यांच्या संमेलनात त्यांनी व्याख्यान दिलं आणि पुढच्या वर्षी ते स्ट्रासबुर्गला पुस्तिका म्हणून छापलं. वेगवेगळ्या नावांच्या जीवांचं एकत्र राहणं, एवढीच त्यांची व्याख्या. उपकाराचा उल्लेख नाही, प्रेमाचा नाही, फायद्याचाही नाही.

ही व्याख्या करणारा माणूस कोण होता हे मुलांना सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. द बारी शिकले वैद्यक, आणि आयुष्य घालवलं पिकांच्या रोगांत. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा आला, शेतंच्या शेतं काळी पडून कुजली. सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि तापांनी गेली, तेवढीच देश सोडून निघाली. कुजलेल्या पानांवर पांढरी बुरस दिसत होती, पण ती रोगाचं कारण की कुजण्याचा परिणाम, यावर विद्वानांत वाद चालला होता. द बारी यांनी निरोगी रोपांवर त्या बुरशीचे बीजाणू टाकून, रोग कसा शिरतो आणि कसा पसरतो हे पायरी पायरीनं दाखवलं आणि १८६१ साली वाद मिटवला. त्या जीवाला त्यांनी पुढे नाव दिलं त्याचा अर्थच वनस्पतींचा संहारक असा आहे. गव्हाच्या तांबेऱ्याच्या जीवनचक्राचाही उलगडा त्यांचा. तो गव्हावर अर्धं आयुष्य काढतो आणि उरलेलं बार्बेरीच्या झुडपावर, हे त्यांनी १८६५ साली सिद्ध केलं.

म्हणजे सहजीवनाची व्याख्या करणाऱ्यानं दोन दशकांहून जास्त काळ पाहिलं होतं ते बहुतांशी एका जीवानं दुसऱ्याला आतून पोखरणं. आणि तरी, किंवा म्हणूनच, त्यांनी कासेलच्या व्याख्यानात परजीवी जीवांना बाहेर ठेवलं नाही. उलट परजीवीपण हा सहजीवनाचा सर्वांत परिचित प्रकार आहे असं सांगितलं. मग शैवाक सांगितलं, अझोला नावाच्या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याच्या पानांतल्या पोकळीत राहणारं नीलहरित शेवाळ सांगितलं. (भाताच्या खाचरात नत्र मिळावं म्हणून आणि दुभत्या जनावरांना खाद्य म्हणून आपल्याकडे शेतकरी आता हौदात वाढवतात तोच हा अझोला.) एका टोकाला यजमानाचा जीव घेणारा, दुसऱ्या टोकाला यजमानाशिवाय जगू न शकणारा आणि यजमानालाही जगवणारा, मधे असंख्य पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांना कुंपण नाही. एका माणसाच्या डोळ्यांपुढे हे सगळं एका शब्दात मावलं होतं.

शब्द पसरला आणि अरुंद होत गेला. बेल्जियमचे प्येर-जोझेफ व्हान बेनेडेन यांनी त्याच दशकात प्राण्यांच्या सोबतीचे प्रकार पाडले होते. एका पंगतीला बसणारे, परस्परांच्या उपयोगी पडणारे, आणि परजीवी. त्यांचे कप्पे सोयीचे होते. १९०२ साली क्रोपोटकिन या रशियन विचारवंताचं ‘म्युच्युअल एड’ हे पुस्तक आलं आणि निसर्गातलं साहाय्य हा जगभर जिव्हाळ्याचा विषय झाला. परस्परांच्या उपयोगी पडणं हे ज्याचं एक उपांग, त्या मोठ्या शब्दालाच लोक उपांगाच्या अर्थानं वापरू लागले. कित्येक पाठ्यपुस्तकांतही आज हेच वाचायला मिळतं की दोन्ही जीवांचा फायदा होतो ते सहजीवन, एकाचाच होतो आणि दुसऱ्याचा तोटा होतो ते परजीवन. उत्तरपत्रिकेत असं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात.

मराठीत या शब्दाला आणखी एक घर मिळालं. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला सहजीवनाची पन्नास वर्षं म्हणतात. वसाहतींची नावं सहजीवन असतात. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी परदेशी विद्यार्थ्यांची आबाळ पाहून १९७१ साली संस्था काढली, तेव्हा तिला आपल्या विषयातलाच शब्द दिला, सिंबायोसिस. परक्या देशातली मुलं आणि पुणेकर एकत्र राहावेत ही त्यामागची इच्छा. एका वनस्पतिशास्त्रज्ञानं विषयाबाहेर पाऊल टाकताना हा शब्द सोबत न्यावा, याचा मला मनापासून आनंद वाटतो. शब्दाच्या प्रेमळ वापराशी माझं भांडण नाही. पन्नास वर्षं एका छपराखाली काढलेल्या दोघांना विचारलं तर तेही सांगतील की त्यात कुणी कधी घेतलं, कुणी कधी दिलं, आणि काही वर्षं कुणीच काही न बोलता नुसतं सोबत राहिलं. शुभेच्छापत्रावरच्या शब्दापेक्षा त्यांचं जगणं द बारींच्या व्याख्येला जवळचं आहे.

भांडण आहे ते निकाल आधी लावून मग जीवाकडे पाहण्याशी. त्याचं सर्वांत ठळक उदाहरण आपल्या भाषेत बांडगूळ. सभेत, अग्रलेखात, घरच्या वादात एखाद्याला बांडगूळ म्हटलं की पुढे बोलायला काही उरत नाही. दुसऱ्याच्या जिवावर पोसणारा, बस्स. देवगडजवळ माझ्या मावसभावाची आंब्याची कलमं आहेत. त्याच्याकडे गेलो की तो मला बागेत नेतो आणि फांदीवर वेगळ्या रंगाच्या पानांचा झुबका दाखवून शिवी हासडावी तसा तो शब्द उच्चारतो. त्याला कारण आहे. बांडगुळाची मुळी फांदीच्या लाकडात घुसून पाणी आणि क्षार ओढून घेते, तिच्या पुढची फांदी वाळत जाते, मोहोर कमी येतो. फळं धरायच्या आत फांदीसकट ते छाटलं नाही तर पुढच्या वर्षी सगळ्या बागेत दिसतं. त्याचा कोयता बरोबर आहे. पाहुण्यानं तिथे पाल्हाळ लावू नये, आणि मीही लावत नाही.

पण थोडा वेळ त्या झुबक्याखाली उभं राहिलं की आणखी काही दिसतं. पानं हिरवी आहेत. म्हणजे बांडगूळ अन्न स्वतः करतं, आंब्याकडून घेतं ते मुख्यतः पाणी आणि क्षार. त्याला नळीसारखी नारिंगी-तांबूस फुलं येतात आणि त्यांतल्या मधावर शिंजीर आणि फुलटोच्या तुटून पडतात. फुलटोच्या हा आपल्या सर्वांत चिमुकल्या पक्ष्यांपैकी एक. बांडगुळाचं फळ तो गिळतो, आणि विष्ठेतून चिकट बी बाहेर येतं ते सहजी सुटत नाही. म्हणून तो फांदीवर अंग घासतो आणि बी तिथे चिकटतं. नवं बांडगूळ तिथे उगवतं. पक्षी त्याचा माळी आहे आणि ते पक्ष्याचं कोठार. आंब्याच्या बाजूनं पाहिलं तर परजीवी, फुलटोच्याच्या बाजूनं पाहिलं तर अन्नदाता. या दोन्ही गोष्टी एकाच फांदीवर एकाच वेळी चालू असतात. यांतली एक खोटी ठरवल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही त्याला ती फांदी कळणार नाही.

ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन आणि मॅथ्यू हेरिंग यांनी याची मोठी परीक्षा घेतली. न्यू साउथ वेल्समधल्या शेतांमधे उरलेल्या १७ वनखंडांतून त्यांनी तिथली बांडगुळं, तीही आपल्या बांडगुळाच्याच गोतातली, काढून टाकली. तीन वर्षांनी मोजणी केली तेव्हा तिथल्या पक्ष्यांच्या जाती सुमारे एकपंचमांशानं कमी झालेल्या होत्या. बांडगूळ खाणारेच पक्षी गेले असते तर समजण्यासारखं होतं. पण गेलेल्यांत जमिनीवरचे किडे टिपणारेही पुष्कळ होते. बांडगुळाची पानं हिरवी असताना, पोषण काढून न घेता गळतात. त्या पाचोळ्यानं झाडाखालची माती सकस होते, तिथे किडे वाढतात आणि ते किडे पक्षी टिपतात. यजमान झाडाकडून घेतलेलं बांडगूळ जंगलाच्या जमिनीला वाटत होतं. २०१२ साली हा निबंध आला तेव्हा मी तो वर्गात वाचून दाखवला. मावसभावाला सांगितला तेव्हा तो म्हणाला, “ऑस्ट्रेलियातल्यांका हापूस विकूचो नसता.” हेही खरंच. बाग ही जंगल नव्हे. नात्याचं नाव जागेनुसार बदलतं, हे त्याच्या बोलण्यातूनच अधिक नीट कळतं.

जागेनुसार बदलतं तसं पोटानुसारही. अमेरिकेतले व्हर्नन अहमदजियन यांनी हयातभर शैवाकातली बुरशी आणि शेवाळ वेगळं करून प्रयोगशाळेत त्यांना पुन्हा जोडायचा प्रयत्न केला. मुबलक अन्न असलेल्या बशीत दोघं आपापलं वाढत राहिले, एकमेकांकडे वळलेसुद्धा नाहीत. अन्न कमी केलं, अधूनमधून कोरडं पाडलं, तेव्हा कुठे बुरशीचे धागे शेवाळाच्या पेशींना वेढू लागले आणि शैवाकाचा आकार धरू लागला. या सोबतीत किती शेवाळं मरतात हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून ते तिला ताब्यात ठेवलेलं परजीवीपण म्हणत. म्हणजे शंभर वर्षांनी एक थोर अभ्यासक श्वेंडेनरच्या मालकाजवळ थोडासा परत गेला. त्यांचं मत मला पूर्ण पटत नाही, कारण सालीवर नुसतं मोकळं राहणारं ते शेवाळ क्वचितच सापडतं आणि शैवाकात ते डोंगरभर पसरलेलं असतं. पण त्यांचा उपाशी बशीचा प्रयोग मी विसरू शकत नाही.

आणि अजूनही सगळे रहिवासी मोजून झालेले नाहीत. २०१६ साली टोबी स्प्रिबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अनेक शैवाकांच्या वरच्या सालीत तिसरा एक जीव, यीस्टच्या रूपातली वेगळीच बुरशी राहते. श्वेंडेनरपासून जवळजवळ दीडशे वर्षं सगळे दोनच म्हणत आले होते. तो तिसरा तिथे काय करतो, कुणाचं काही बिघडवतो की घडवतो, हे नक्की व्हायच्या आतच त्याला सहजीवी म्हणता आलं, कारण शब्द तेवढा रुंद ठेवलेला होता. फ्रँक आणि द बारी यांच्या शहाणपणाचा हा रोकडा उपयोग.

मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाच्या आसपास प्रवाळं आहेत. प्रवाळ हा प्राणी, आणि त्याच्या पेशींत राहतं ते सूक्ष्म शैवाल. उथळ, स्वच्छ पाण्यात प्रवाळाला लागणारी बहुतेक ऊर्जा हे शैवाल उन्हातून करून देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की ही सोबत फाटते. शैवाल बाहेर पडतं, प्रवाळ पांढरं पडतं, आणि पाणी लवकर निवलं नाही तर मरतं. एवढं आता वर्तमानपत्रांतही येतं. त्याआधीची पायरी मात्र फारशी कुणी सांगत नाही. पाणी तापू लागतं तेव्हा शैवाल आतच असतं, प्रवाळ रंगीतच दिसतं, पण शैवालानं केलेल्या अन्नातला मोठा वाटा ते स्वतःकडेच ठेवू लागतं. यजमानाच्या पेशीत राहायचं, त्याचं नत्र घ्यायचं आणि द्यायचं कमी. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. पाठ्यपुस्तकातलं परस्परोपकाराचं सर्वांत लाडकं उदाहरण एखाद्या अंशाच्या फरकानं परजीवीपणाकडे सरकतं आणि परत येऊही शकतं. समुद्र तापवणारे आपण आहोत, त्यामुळे या सरकण्यात आपलाही हात आहे, आणि ते मला सहज सोडून देता येत नाही.

पूर्व विदर्भात हत्तीरोग जुना आहे. सुजून खांबासारखे झालेले पाय घेऊन आयुष्य काढणारी माणसं तिथल्या गावांत मी पाहिली आहेत. ज्या कृमीमुळे तो होतो तो परजीवी, याबद्दल कुणालाही शंका नसावी. पण त्या कृमीच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि त्यांच्यावाचून कृमीची मादी प्रजनन करू शकत नाही, धड जगूही शकत नाही. हे कळल्यावर वैद्यांनी निराळा मार्ग काढला. डॉक्सिसायक्लिन या साध्या प्रतिजैविकाचा काही आठवड्यांचा क्रम दिला की जिवाणू मरतात, कृमी वांझ होतात आणि हळूहळू संपतात. कृमी आणि जिवाणू यांची घट्ट सोबत तोडून माणसाला सोडवता येतं. आणि हाच वोल्बाकिया अनेक कीटकांत राहतो तेव्हा आपला प्रसार व्हावा म्हणून यजमानाचं प्रजनन बिघडवतो. एका घरात आधार, दुसऱ्या घरात उपद्रव. परजीवी आणि सहजीवी असे दोन वेगळे डबे ज्यांनी मनात पक्के केले होते, त्यांना परजीवीच्या पोटातला सहजीवी शोधायला जरा उशीरच लागला असता.

एवढा रुंद शब्द कशाला, सगळंच त्यात घातलं तर तो काहीच सांगत नाही, असा आक्षेप माझ्या एका सहकाऱ्यानं घेतला होता. त्याचं म्हणणं मी हलकं मानत नाही. परस्परोपकार, सहभोजिता, परजीविता हे शब्द मलाही हवेत, रोज लागतात. पण ते नात्याच्या एका क्षणाची, एका परिस्थितीतली नोंद आहेत. जीव तेच राहतात आणि नोंद बदलते. ती बदलत असताना त्या जीवांना धरून ठेवणारा एक वरचा शब्द लागतो, जो अजून निकाल देत नाही. शास्त्रात निकाल न देणारे शब्द फार कमी असतात, आणि ते राखायला निकाल देणाऱ्या शब्दांपेक्षा जास्त कष्ट पडतात.

म्हणून मी वर्गात व्याख्या पाठ करून घेत नाही, रोपं आणवतो. आमच्या भागात सोयाबीन घराघरांत आहे. पेरणीआधी बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवून रायझोबियम चोळायचं हे मुलांनी हातानं केलेलं असतं. पुढे काय होतं ते मात्र जमिनीखाली. जिवाणू मुळाच्या केसांतून आत शिरतो, मूळ त्याच्याभोवती गाठ बांधतं, झाड त्याला साखर पुरवतं आणि तो हवेतलं नत्र बांधून झाडाला देतो. १८८८ साली बायेरिंक यांनी हा जिवाणू वेगळा काढला तेव्हापासून ही गोष्ट सुखाची म्हणूनच सांगितली जाते. मग २००३ साली टोबी कीर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या मुळांवर एक प्रयोग केला. काही गाठींना त्यांनी नत्राऐवजी आर्गॉन असलेल्या हवेत ठेवलं, म्हणजे जिवाणूला नत्र देता येणारच नाही. झाडानं त्या गाठींचा प्राणवायू कमी केला आणि तिथल्या जिवाणूंची वाढ खुंटली. झाड हिशेब ठेवतं. देतो त्याला मिळतं, न देणाऱ्याचं तोडलं जातं. आणि जमिनीतच नत्र भरपूर असेल तर झाड गाठी बांधण्याच्या फंदातच फारसं पडत नाही.

ऑगस्टच्या अखेरीस मुलं दोन पिशव्यांत रोपं आणतात. काही जणांच्या घरी युरियाचा हात सढळ असतो, काहींच्या घरी नसतो. मुळं बादलीत अलगद धुवायची, गाठी मोजायच्या, ब्लेडनं कापायच्या. काम करणारी गाठ आतून गुलाबी निघते, कारण तिच्यात रक्तातल्या रंगद्रव्याच्या गोतातलं एक प्रथिन प्राणवायूची राखण करत असतं. निकामी गाठ पांढरट किंवा हिरवट. वह्यांत रकाने आखून झाले की मी विचारतो, सोयाबीन आणि या जिवाणूचं नातं कोणतं, ते लिहा. बरेच जण लगेच लिहायला घेतात. गेल्या पावसाळ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “सर, कुठल्या वावरातल्या रोपाचं?”

मग बाकीच्यांनीही लिहिणं थांबवलं, दोन्ही पिशव्या टेबलावर शेजारी शेजारी रिकाम्या केल्या, आणि गाठी पुन्हा पहिल्यापासून कापायला बसले.